पेशवा, पेशावर आणि भाकरी : आलिशान हॉटेलातील ‘भारतीय’ भोजनगृहाची समीक्षा

प्रस्तावना

साहित्यकृतीची समीक्षा करताना लेखकाने कोणते शब्द निवडले याबरोबरच कोणते वगळले हेही पाहिले जाते. भोजनगृहाच्या मेन्यूकार्डाकडे याच दृष्टीने पाहता येते. पदार्थांची यादी ही केवळ विक्रीची सोय नसते; पाहुण्यापुढे काय मांडण्याजोगे आहे आणि काय नाही, याविषयीचे ते एक विधान असते. आलिशान हॉटेलातील भारतीय भोजनगृहाच्या बाबतीत हे विधान अधिक वजनदार ठरते, कारण तेथे ‘भारतीय’ हे विशेषण परदेशी पाहुणा, राष्ट्रप्रमुख आणि नव्याने सधन झालेला मध्यमवर्ग या तिघांसमोर एकाच वेळी उच्चारले जाते. त्या विशेषणात कोणाचा समावेश होतो? प्रस्तुत लेखात दिल्ली व मुंबई येथील काही नामांकित भोजनगृहांचा विचार यवतमाळ जिल्ह्याच्या, व्यापक अर्थाने वऱ्हाडाच्या, अन्नव्यवहाराच्या पार्श्वभूमीवर केला आहे.

यवतमाळ आणि पंचतारांकित हॉटेल यांचा संबंध वरवर पाहता दूरचा वाटेल. परंतु तो जुना आहे. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापूस पिकवणाऱ्या मुलखाच्या जवळ गिरणी असावी या हेतूने. याच जमशेटजींचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी मुंबईत अपोलो बंदराजवळ उघडले. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन कंपनीची अरुंदमापी आगगाडी यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य लोहमार्गापर्यंत नेऊ लागली. पुढे लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हटले. या मुलखातील कापूस मुंबईला गेला, तेथून मँचेस्टरला गेला. त्याच शेतात कापसाच्या तासांमध्ये पेरलेली तूर आणि शेजारच्या पट्ट्यातील ज्वारी मात्र आलिशान भोजनगृहाच्या टेबलापर्यंत ओळख घेऊन कधी पोहोचली नाही.

अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात भारताचे ‘राष्ट्रीय’ जेवण शहरी मध्यमवर्गाच्या पाकपुस्तकांतून कसे घडत गेले याची मांडणी केली आहे. प्रांतोप्रांतीचे पदार्थ पुस्तकांतून एकमेकांच्या शेजारी आले आणि त्यांतून एक भारतीय पंगत उभी राहिली, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. पाकपुस्तकाच्या बाबतीत हे पटते. मराठीतही लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणीमित्र’पासून (१९१०) कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’पर्यंत (१९७०) हा प्रवास दाखवता येईल. आलिशान भोजनगृहाने मात्र ही शेजारधर्माची वाट धरली नाही. त्याने घराणे शोधले.

पेशवा आणि पेशावर

मुंबईत सहार येथे २००१ साली आयटीसी समूहाचे एक भव्य हॉटेल उभे राहिले. त्याचे नाव ‘मराठा’. मराठी माणसाला सुखावणारे असे हे नाव आहे. या हॉटेलातील ज्या भारतीय भोजनगृहांचा बोलबाला झाला, त्यांपैकी एकाचे नाव ‘पेशावरी’ आणि दुसऱ्याचे ‘दम पुख्त’. पहिले वायव्य सरहद्दीच्या तंदुरी जेवणाचे, दुसरे अवधच्या नवाबी जेवणाचे. मराठी इतिहासातील नाव आले ते ‘पेशवा पॅव्हेलियन’ या दिवसभर चालणाऱ्या, न्याहारीच्या व बुफेच्या भोजनकक्षाला. म्हणजे पेशव्याच्या नावाची खोली सर्वांसाठी सकाळपासून उघडी, आणि जेथे आधी जागा राखून, खिशाचा अंदाज घेऊन, विशेष प्रसंगी जावे ते दालन पेशावरचे. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या आणि ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार मराठीला मिळाला. अडीच शतकांनी ‘मराठा’ नावाच्या वास्तूत अटकेपलीकडचे शहर येऊन मानाच्या पाटावर बसले, याला इतिहासाचा विनोद म्हणावे लागेल.

हा विनोद कोणा एका हॉटेलाच्या माथी मारण्याचे कारण नाही. ‘पेशावरी’चा आदर्श दिल्लीतील मौर्य हॉटेलमधील ‘बुखारा’ हे भोजनगृह होय. ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि जगभर गाजले. त्याही आधी, १९४७ च्या फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीच्या दर्यागंजमध्ये ‘मोती महल’ उभारून तंदूरला भोजनगृहाचे केंद्र बनवले होते. घरदार गमावून आलेल्या माणसांनी पोटासाठी पेटवलेली ती भट्टी होती. तीस वर्षांनंतर हॉटेल उद्योगाने ती उचलली, तिला खडबडीत दगडी भिंती, लाकडी ठोकळ्यांसारखी बैठी आसने आणि सरहद्दीच्या रांगड्या पुरुषार्थाची कथा दिली. निर्वासिताच्या अन्नाचे टोळीप्रमुखाच्या अन्नात रूपांतर झाले.

समीक्षकाने येथे न्यायबुद्धीही राखली पाहिजे. ‘बुखारा’ची पदार्थसूची लहान आहे आणि दशकानुदशके ती जवळजवळ बदललेली नाही. भारतीय भोजनगृहांना जडलेल्या शंभर-दीडशे पदार्थांच्या रोगावर हा उतारा होता. तेथील प्रसिद्ध डाळीत अख्खे काळे उडीद, टोमॅटो, लोणी, साय आणि थोडके मसाले एवढेच असते. बाकी सारे काम रात्रभर धगधगणाऱ्या तंदूरच्या निखाऱ्यांचे. संयम हा कलेचा गुण मानला तर त्या स्वयंपाकघराकडे तो आहे. प्रश्न त्या डाळीच्या गुणवत्तेचा नाही. मंद निखाऱ्यावर तासन्‌तास शिजणे हे एका प्रांतात ‘परंपरा’ ठरते आणि दुसऱ्या प्रांतात ‘खेडवळपणा’ ठरते, ते कशामुळे, हा प्रश्न आहे.

झाकण कोणी उघडले

‘दम पुख्त’ या नावामागे एक आख्यायिका सांगितली जाते. १७८४ च्या दुष्काळात अवधचा नवाब असफउद्दौला याने लखनौमध्ये बडा इमामबाड्याचे बांधकाम काढले, जेणेकरून उपाशी रयतेला काम आणि अन्न मिळावे. मजुरांसाठी मोठमोठ्या देगांत तांदूळ, मांस, मसाले एकत्र घालून, झाकणे कणकेने बंद करून, मंद आचेवर अन्न शिजत ठेवले जाई. एके दिवशी नवाब तेथून जात असता झाकण उघडले गेले, वाफेचा सुगंध त्याला मोहवून गेला आणि मजुरांचे अन्न शाही मुदपाकखान्यात पोहोचले. कथा खरी किती आणि रचलेली किती, हा भाग वेगळा. आलिशान भोजनगृहाने ती आपली जन्मकथा म्हणून स्वीकारली, हे महत्त्वाचे. १९८९ मध्ये दिल्लीत ‘दम पुख्त’ सुरू झाले. त्यामागील उस्ताद इम्तियाझ कुरेशी यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हातचे कसब निःसंशय मोठे होते.

महाराष्ट्राच्या वाचकाने ही कथा ऐकताच त्याला दुसरा एक दुष्काळ आठवला पाहिजे. १९७२ चा. तेव्हाही दुष्काळी कामे निघाली, रस्ते खोदले गेले, पाझर तलाव झाले, खडी फुटली. याच काळात रोजगार हमीची कल्पना कायद्याच्या दिशेने पुढे सरकली. कामावरच्या मजुरांना ‘सुकडी’ वाटली गेली, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी मिळाली. त्या पिढीतील माणसे आजही मिलोच्या भाकरीचा विषय निघाला की तोंड वाकडे करतात आणि सुकडीचा विषय निघाला की हळवी होतात. लखनौच्या दुष्काळातील अन्न जगातील महागड्या टेबलांवर आले. महाराष्ट्राच्या दुष्काळातील अन्न आठवणीपलीकडे गेले नाही. दोन्ही ठिकाणी भूक होती, सरकारी काम होते, मोठी भांडी होती. फरक एवढाच की एका ठिकाणी झाकण नवाबाने उघडले.

(सुकडी हा पाककलेचा नमुना नव्हता, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो रास्त आहे. परंतु मजुरांच्या देगेतील शिजवणही आरंभी पाककलेचा नमुना नसावी.)

यावरून आलिशान भोजनगृहाच्या प्रवेशाचा अलिखित नियम स्पष्ट होतो. पदार्थाला राजघराणे, दरबार, किमान एखादा व्यापारी मार्ग असावा लागतो. अवधला नवाब आहे, हैदराबादला निजाम आहे, सरहद्दीला खैबरखिंड आहे, केरळला मसाल्याची बंदरे आहेत. वऱ्हाडाला काय आहे? एलिचपूरला इमादशाही होऊन गेली, पण तिच्या स्वयंपाकघराची कथा कोणी सांगितली नाही. पुढे निजामाचा अंमल आणि १८५३ नंतर इंग्रजांचा कारभार. वऱ्हाड हा महसुलाचा आणि कापसाचा प्रांत राहिला. येथील अन्न शेतावरचे, सणाचे, नवसाचे. त्याला दरबार नाही. पिएर बुर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात गरजेतून घडलेली रुची आणि चैनीतून घडलेली रुची असा जो भेद केला आहे, त्याचा पडताळा येथे येतो. गरजेच्या रुचीला स्वतःची अभिरुची म्हणून मान्यता मिळत नाही. तिला ‘सवय’ म्हटले जाते.

हात, विस्तव आणि भाकरी

‘बुखारा’त जेवणाऱ्याला काटे-चमचे आपणहून दिले जात नाहीत. गळ्याभोवती चौकड्यांचे एप्रन बांधून हाताने जेवणे हा तेथील अनुभवाचा भाग आहे. २००० साली भारतभेटीवर आलेले अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन तेथे जेवले आणि त्यांच्या नावाची थाळी पदार्थसूचीत आली. हाताने जेवण्याची ही प्रतिष्ठा पाहताना ग्रामीण महाविद्यालयांतील ‘व्यक्तिमत्त्व विकास’ शिबिरे डोळ्यांपुढे येतात. तेथे मुलाखतीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला काटा डाव्या हातात धरावा की उजव्या, हे शिकवले जाते. ज्या विद्यार्थ्याची पाच बोटे लहानपणापासून वरणात बुडाली, त्याला ती लपवायला शिकवायचे. आणि त्याच वेळी महानगरात त्या बोटांना अनुभव म्हणून विकायचे. या दोन्ही गोष्टी एकाच उद्योगाच्या, एकाच काळाच्या आहेत. हात तोच असतो. किंमत आणि कथा यांचे कुंपण घातले की तो सभ्य ठरतो.

निखाऱ्याचेही तसेच. वऱ्हाडात रोडगे केले जातात. गव्हाच्या कणकेचे, आत तेलाचे पदर दिलेले गोळे शेणाच्या गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची आणि वांग्याच्या भाजीबरोबर, वरणाबरोबर कुस्करून खायचे. पळसाच्या पानांत भाजलेले पानगे हे त्यांचे भावंड. देवाच्या नवसाला किंवा शेतातल्या पंगतीला हे जेवण असते. विस्तव किती उतरला म्हणजे गोळे ठेवायचे, केव्हा उलटायचे, याचे ज्ञान तंदूरवरच्या उस्तादाच्या ज्ञानापेक्षा कमी सूक्ष्म नाही. पण त्या ज्ञानाला उस्ताद नाही. पुरुषांच्या हातचे रोडगे गावोगाव प्रसिद्ध असतात, तरी गावाबाहेर त्यांची नावे जात नाहीत. आणि रोजच्या स्वयंपाकाचे ज्ञान तर स्त्रियांच्याच हाती, म्हणून ते कसब न मानता कर्तव्य मानले गेले. आलिशान भोजनगृहाची वंशावळ खानसाम्यांच्या घराण्यांतून, बापाकडून मुलाकडे जाते. सासूकडून सुनेकडे गेलेल्या विद्येला तेथे वंशावळ म्हणत नाहीत.

भाकरीच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण सांगितली जाते आणि ती खरी आहे. ज्वारीत ग्लुटेन नसते. गव्हाची कणीक तासन्‌तास मुरवून ठेवता येते. ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळून लगेच थापावे लागते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना तुटते. काठवटीत एका वेळी एकच भाकरी थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग निखाऱ्यावर फुगवायची. ती फुगल्यापासून चार-पाच मिनिटांत खाल्ली तर पापुद्रा राहतो, नाहीतर चामडे. ऐंशी पाहुण्यांच्या दालनात हे जमवणे कठीण आहे. मात्र हीच स्वयंपाकघरे रूमाली रोटी एकेक करून, पाहुण्यासमोर हवेत फिरवून देतात, त्यासाठी स्वतंत्र कारागीर ठेवतात. तेव्हा अडचण तंत्राची कमी आणि मोलाची जास्त आहे. भाकरी थापणारीला कारागीर म्हणून नेमण्याची कल्पनाच त्या उद्योगाच्या मनाला शिवली नव्हती.

‘वऱ्हाडी’ असा शिक्का मारून एखादी थाळी आलिशान भोजनगृहात नेली की प्रश्न सुटेल, असेही नाही. वऱ्हाडी म्हणजे कोणाचे? यवतमाळ जिल्ह्यात कुणब्याच्या घरचे जेवण आहे, पुसद-दिग्रस भागातील बंजारा तांड्यावरचे आहे, केळापूर-मारेगाव-झरी पट्ट्यातील कोलाम आणि गोंड यांच्या पाड्यावरचे आहे, बौद्ध वस्तीवरचे आहे. मोहाची फुले, रानभाज्या, सुकवलेली मासळी, तांड्यावरची सळोई यांपैकी काय ‘वऱ्हाडी थाळी’त बसेल आणि काय शेजारच्या घराप्रमाणे तेथूनही वगळले जाईल? शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील दलित अन्नव्यवहारावर २०१५ साली लिहिलेल्या पुस्तकाला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असे नाव दिले, त्यातील एका अक्षराने मराठी पाकपुस्तकांच्या साऱ्या पंगतीला प्रश्न विचारला. आलिशान भोजनगृह प्रांताला वगळते आणि प्रांत आपल्यातल्या वस्तीला वगळतो. दुसऱ्या वगळण्याकडे डोळेझाक करून पहिल्याविरुद्ध केलेली तक्रार अर्धवट राहते.

ज्वारीचे पुनरागमन

अलीकडच्या काळात भाकरीच्या धान्याला आलिशान दार उघडले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून घोषित केले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतील केंद्रीय अर्थसंकल्पीय भाषणात भरडधान्यांना ‘श्रीअन्न’ म्हटले गेले आणि ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या भारत मंडपम्‌मध्ये जी-२० राष्ट्रांच्या प्रमुखांना दिलेल्या भोजनात या धान्यांना मानाचे स्थान मिळाले. आरंभीच्या पदार्थात राळे होते आणि त्याचे नाव ‘पात्रम्’ असे होते. शेवटच्या गोड पदार्थाचे नाव ‘मधुरिमा’. पंचतारांकित हॉटेलांच्या मेन्यूकार्डांवर ज्वारी, बाजरी, नाचणी ही नावे दिसू लागली ती याच सुमारास.

याचे स्वागतच केले पाहिजे. तरीही समीक्षकाची नजर नावांवर अडते. प्रवेशाचा जुना नियम मोडलेला नाही, फक्त घराणे बदलले आहे. पूर्वी पदार्थाला फारसी नाव आणि नवाब लागे. आता संस्कृत नाव आणि ‘श्री’ लागते. ‘भाकरी’ या शब्दाने तिला आत जाता आलेले नाही. आणि आरोग्याच्या भाषेत, ग्लुटेनमुक्त म्हणून जी ज्वारी टेबलावर येते, ती कोणाच्या शेतातली, याचा उल्लेख करण्याची गरज कोणाला वाटत नाही. द्राक्षाच्या मळ्याचे नाव सांगितल्याशिवाय मद्य न ओतणाऱ्या दालनात धान्य मात्र बेवारस असते.

यवतमाळ जिल्ह्यात ज्वारी मागे का हटली हे येथील प्राध्यापकवर्गाला सांगण्याची आवश्यकता नाही. सोयाबीन आले. कणसे भरताना पाऊस आला की दाणा काळा पडतो, बाजारात भाव पडतो. पाखरे राखायला माणूस नाही, रानडुकरांचा उपद्रव आहे, कापणी-खुडणीला मजूर नाही. रेशन दुकानात गहू-तांदूळ मिळतो. बैल कमी झाले, तसा कडब्याचा आधारही गेला. ज्या शेतकऱ्याच्या घरी ज्वारीची कणगी असे, त्याच्याच घरी ती आता विकत आणावी लागते. शासनाच्या योजनांतही हा बदल उमटला आहे. १९९५ मध्ये राज्य शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली; तेव्हा गरिबाचे अन्न म्हणून भाकरीच डोळ्यांपुढे होती. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात आहे. म्हणजे पंचवीस वर्षांत भाकरी गरिबाच्या सरकारी ताटातून उतरली, आणि त्यानंतर तीनच वर्षांत श्रीमंताच्या ताटात ‘श्रीअन्न’ म्हणून चढली. मधल्या पायरीवर, म्हणजे पिकवणाऱ्याच्या आणि शिक्षकाच्या, कारकुनाच्या रोजच्या ताटात ती किती उरली, याचा शोध अर्थशास्त्राच्या व गृहअर्थशास्त्राच्या विभागांनी एकत्र घ्यावा असा हा विषय आहे.

करव्यवस्थेनेही या सीमारेषेला एक आकडा दिला आहे. नोव्हेंबर २०१७ पासून ज्या हॉटेलातील खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपये वा त्याहून अधिक, तेथील भोजनगृहात जेवणावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, आणि एरवीच्या भोजनगृहात ५ टक्के, अशी विभागणी झाली. तपशिलात पुढे बदल झाले. तत्त्व तेच राहिले. ताटात काय आहे यावरून कर ठरत नाही, ताट कोणत्या छताखाली आहे यावरून ठरतो. समीक्षेला याहून नेमका दाखला मिळणे कठीण.

या भोजनगृहांची अभिरुची त्यांच्या भिंतींत बंद राहत नाही, म्हणूनच तिची दखल घेणे भाग आहे. ती झिरपत जिल्ह्यापर्यंत येते. यवतमाळ, वणी, पुसद येथील मंगल कार्यालयांत लग्नाचे जेवण पाहिले तर मुख्य रांगेत पनीरचे दोन प्रकार, काळी डाळ, तंदुरी रोटी, जिरा राईस असतो. तुरीच्या जिल्ह्यात लग्नाच्या पंगतीतून तुरीचे वरण मागे सरले, आणि त्या जागी उडदाची, सायीची, लखलखीत तवंगाची डाळ आली. ती कोठून आली हे वर सांगितलेच आहे. कडेला, बांबूच्या झोपडीवजा मांडवात, मडकी आणि कंदील टांगून ‘ग्रामीण’ असा फलक लावलेला एक स्टॉल असतो. तेथे एक बाई चुलीवर भाकरी थापत असते, शेजारी झुणका, ठेचा, जवसाची चटणी. ज्या गावातून वऱ्हाड आलेले असते त्याच गावाची ही नक्कल, त्याच गावच्या पाहुण्यांसाठी. रांग बहुधा याच स्टॉलपुढे सर्वांत लांब असते, कारण भाकरी एका वेळी एकच होते.